पैशाचे सोंग

शाळेचे वर्ष पूर्वी परीक्षांनी मोजले जाई: घटक चाचणी, सहामाही, नाताळची सुट्टी, वार्षिक. हल्ली ते वेशांनी मोजावे लागते. आषाढीच्या सुमारास दिंडी निघते. मुलींना नऊवारी आणि डोक्यावर तुळस, मुलांना धोतर, टोपी आणि हातात टाळ. श्रावणात राधा-कृष्ण. पंधरा ऑगस्टला पुढारी, दोन ऑक्टोबरला गांधीजी, बालदिनाला 'मोठेपणी मी कोण होणार', एकोणीस डिसेंबरला मुक्तिसंग्रामातले सत्याग्रही. त्यानंतर स्नेहसंमेलन आणि मधेच कुठेतरी 'पारंपरिक पोशाखाचा दिवस'. लहान वर्गांत याच्या जोडीला रंगांचे दिवस असतात, लाल, पिवळा, हिरवा, निळा. पिवळ्या दिवशी डब्यातही पिवळेच काही द्यावे असा निरोप एकदा आमच्याकडे आला होता. पिवळा फ्रॉक नव्हता, पण भातात हळद घालून निम्मा दिवस साजरा झाला.

या सगळ्या निरोपांच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: सक्ती नाही, तरी पालकांनी सहकार्य करावे.

माझ्या मनात या दिवसांविषयी दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, आणि मला वाटते पेडण्या-डिचोलीतल्या बहुतेक आयांचे असेच असणार. रात्री अकरा वाजता भात-आमटीची भांडी विसळून झाल्यावर कात्री घेऊन पुठ्ठ्याचा मुकुट कापायला बसणे, सोनेरी कागद पुरला नाही म्हणून उदबत्तीच्या पुड्याची चकाकी चिकटवणे, आणि हे सगळे करताना शाळेला, बाईंना आणि ज्याने कोणी ही प्रथा काढली त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवणे, हा एक भाग. सकाळी तेच ध्यान कपाळाला टिळा, हातात बासरी अशा थाटात आरशासमोर उभे राहते, आपण खरोखरच कोणीतरी वेगळे झालो आहोत या समजुतीने हळू पावले टाकत बसकडे जाते, तेव्हा गळा दाटून येतो, हा दुसरा भाग. पहिला भाग खरा आणि दुसरा भाबडा, असे म्हणून मोकळे होता येत नाही. दोन्ही खरे आहेत. म्हणूनच प्रश्न पडतो.

प्रश्न खर्चाचा आहे असे आपण पटकन म्हणतो. तो आहेच. आपल्याकडे एक म्हण आहे, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ज्याने ही म्हण केली त्याने शाळेची वेशभूषा स्पर्धा पाहिली नव्हती, पण बहुरूप्याला दारात नक्की पाहिले असणार. बहुरूपी पोलीस होतो, राजा होतो, बाई होतो. शेवटी पसाभर तांदूळ मागतो. त्याचा राजाचा अंगरखा दुरून मखमलीचा दिसतो आणि जवळून पडद्याच्या कापडाचा असतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणी त्याला हसत नाही. शाळेत मात्र जवळून पाहिले जाते. कोणाचा कृष्ण म्हापशाहून भाड्याने आणलेला आणि कोणाचा आजीच्या साडीच्या काठातून उभा केलेला, हे दुसरीतल्या मुलालाही एका नजरेत कळते.

अॅडम स्मिथ या स्कॉटिश विचारवंताने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सदऱ्याविषयी एक मुद्दा मांडला आहे. लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे. ग्रीक आणि रोमन त्याशिवाय सुखाने जगले. पण आपल्या काळात रोजंदारीवरच्या माणसालाही तो अंगात नसेल तर चारचौघांत जायला लाज वाटेल, आणि म्हणून तो सदरा गरजेच्याच यादीत धरला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. चामड्याच्या जोड्यांबद्दलही तो असेच म्हणतो, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स या देशांत ही लाज वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होते हेही दाखवतो. अमर्त्य सेन यांनी पुढे हाच धागा धरून लिहिले की, लाज न वाटता लोकांत वावरता येणे हे गरिबी मोजण्याचे एक माप आहे. पोटभर जेवणारा माणूसही या मापाने गरीब ठरू शकतो.

गणवेश हे या लाजेवरचे एक जुने औषध आहे. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि माझ्या माहेरच्या पेडणे महालात तर वाड्यावाड्यांवर. त्या शाळांत बसलेल्या पिढीला विचारले तर ते सांगतील, पांढऱ्या सदऱ्यात भाटकाराचा मुलगा आणि त्याच्या कुळाचा मुलगा एका बाकावर आले. सदऱ्याची शुभ्रता कमीजास्त असायची, कोणाचे बटण कोणाच्या बटणाशी जुळत नसे, पण तेवढेच. वेशभूषेच्या दिवशी हे औषध एक दिवसापुरते बंद केले जाते. वर्षात एकच दिवस असता तर बिघडले नसते. दहा-बारा दिवस झाले म्हणजे तो पथ्याचा भंग राहत नाही, रोजचे जेवण होते.

डिचोलीत हे मी जवळून पाहिले ते खाणी बंद पडल्या तेव्हा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही स्थगिती आली. २०१४ मध्ये ती उठली, मार्च २०१८ पासून काम पुन्हा ठप्प झाले, आणि लिलावानंतर डिचोलीचा पट्टा सुरू व्हायला २०२४ उजाडले. मये, शिरगाव, साखळी या बाजूला घराघरासमोर ट्रक उभे राहिले होते. कर्जाचे हप्ते चालू आणि चाके बंद. त्या काळात माझा मोठा मुलगा बालवाडीत होता. त्याच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील ट्रकमालक. खाणी चालू असताना त्यांच्या घरचा वेश सगळ्यांत देखणा असायचा. एका वर्षी त्यांनी शिवाजी महाराजांचा अंगरखा शिंप्याकडून माप देऊन शिवून घेतला होता. पुढल्या वर्षी निरोप आला, 'आवडता व्यवसाय'. त्या मुलाने काय व्हावे? तो घरी म्हणाला, मी ट्रक ड्रायव्हर होणार. तसा हा सगळ्यांत स्वस्तातला वेश, खाकी सदरा आणि खांद्यावर टॉवेल. आईने त्याला त्या दिवशी शाळेतच पाठवले नाही. ताप आहे असे कळवले.

त्या बाईने चूक केली की बरोबर, यावर आम्ही दोघी बरेच दिवस बोललो. तिचे म्हणणे असे की, पैसा नाही म्हणून काही मी त्याला घरी ठेवला नाही. दारात उभा असलेला ट्रक रोज बघायचा आणि त्याच ट्रकाचे सोंग घेतलेले पोर टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर उभे करायचे, ते माझ्याने झाले नसते. मला तिचे उत्तर पटले, आणि खर्चाच्या पलीकडे काहीतरी आहे हेही तेव्हा पहिल्यांदा नीट दिसले. घरात जे चालले आहे ते शाळेला माहीत नसते. शाळा एक सोपा विषय देते आणि तो एखाद्या घरात नेमका दुखऱ्या जागी जाऊन बसतो. आजारी बाप असलेल्या मुलाला डॉक्टर व्हायला सांगा, आई नसलेल्या मुलीला 'माझी आई' या विषयावर साडी नेसून यायला सांगा. शिक्षकाचा यात दोष नसतो. पण ज्याला घरात डोकावता येत नाही त्याने घराकडे मागताना जरा हात आखडता घ्यावा, एवढे म्हणायला काय हरकत आहे?

आता त्या 'सक्ती नाही' कडे वळते. मोठ्या माणसाला सक्ती नाही म्हटले की तो मोकळा होतो. सहा वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ वेगळा लागतो: सगळे घालून येणार, तू एकटा गणवेशात येऊ शकतोस. नकार देण्याचा अधिकार आईबापांच्या हातात असतो आणि नकाराची किंमत मूल भरते. इथे मला खरा नैतिक पेच वाटतो. समजा, मला ही प्रथा चुकीची वाटते. मग मी काय करावे? माझे तत्त्व मुलीच्या खिशातून चालवावे का? तिने वर्गात एका कोपऱ्यात उभे राहायचे आणि मी घरी ताठ मानेने बसायचे, याला तत्त्वनिष्ठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण प्रत्येक आई असा विचार करून निमूट पुठ्ठा कापत राहिली, तर 'सगळ्यांना आवडते' हा शाळेचा समज पक्का होतो आणि पुढच्या वर्षी एक दिवस वाढतो. प्रत्येकीने आपल्या पोरासाठी योग्य ते केले आणि त्यातून सगळ्यांच्या पोरांसाठी अयोग्य ते उभे राहिले, असे हे त्रांगडे आहे. लग्नातल्या मानपानापासून शिकवणीच्या वर्गांपर्यंत आपण हेच पाहत आलो आहोत.

आणि गंमत बघा, कोणाचे सोंग कितीला पडते! सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरैत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसायला सुरुवात केली. देशातल्या गरिबाला जेवढे वस्त्र मिळते तेवढेच आपण घालावे, हा त्यामागचा विचार होता. आज त्यांचा वेश भाड्याने मिळतो. पंचा, काठी, गोल चष्मा आणि टक्कल दाखवणारी रबरी टोपी मिळून तीनशे रुपये, वर अनामत. दुकानदाराला मी विचारले, पंचा घरचा आहे, नुसती टोपी द्याल का? तो म्हणाला, सुटे देत नाही, सेट आहे.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे समजायचे कारण नाही. अमेरिकेतल्या शाळांत आठवडाच्या आठवडा रोज वेगळा वेश असतो, एक दिवस तर रात्रीच्या झोपायच्या कपड्यांत शाळेत जायचे. ब्रिटनमध्ये मार्चच्या पहिल्या गुरुवारी पुस्तकांचा दिवस पाळतात आणि मुले गोष्टींतल्या पात्रांचे वेश करून जातात. वाचनाची गोडी लागावी हा हेतू, आणि दुकानांत आयते वेश विकले जातात हा परिणाम. आपल्याकडे नवरात्राचे नऊ रंग आहेत. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मराठी दैनिकाने हे सुरू केले आणि आता ते शास्त्रात सांगितले आहे असे समजणारी माणसे भेटतात.

सोंगाला माझा विरोध आहे, असे कोणी म्हणेल तर मला हसू येईल. आम्ही सोंगांच्या मुलखातली माणसे. शिमग्यात माझ्या माहेरी मुलांची टोळी घरोघर शबय मागत फिरायची. कोणी तोंडाला कोळसा फासलेला, कोणी पोत्याला भोके पाडून ते अंगात घातलेले, कोणी आईचे जुने लुगडे गुंडाळून नवरी झालेला. यात आईबापांचा संबंध लुगडे चोरीला गेले की नाही एवढाच. कोणाला काय व्हायचे हे मुले आपसांत ठरवत, भांडत, आणि ऐन वेळी बदलत. पहिला नंबर नसे. सगळ्यांत ओबडधोबड सोंगाला सगळ्यांत जास्त हशा मिळे आणि डब्यात चार आणे जास्त पडत. गरिबीची तिथे अडचण होत नसे, उलट थोडा फायदाच होई.

आणि दशावतार! तुळशीचे लग्न झाले की जत्रा सुरू होतात, आणि पेडण्यात तसेच पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला देवळापुढच्या मांडावर रात्रभर खेळ रंगतात. दशावतारी नट आपले तोंड आपणच रंगवतो. पेटाऱ्यावर लहानसा आरसा टेकून, सफेदा, काजळ, पिंजर घेऊन तो तास-दीड तास बसतो. संहिता हातात नाही. कथा ठाऊक, बाकी संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. ज्याच्या मिशा काल शेतात घामाने भिजल्या होत्या तो त्या काढून आज द्रौपदी होतो आणि मांडावरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. या म्हणण्यात टिंगल आहे, पण मला नेहमी त्यात एक मोठेपणही दिसले आहे. रात्री राजा झालेल्या माणसाला राजेपण म्हणजे काय ते आतून समजते, आणि सकाळी बोजा उचलताना आपण कोण हेही त्याला पक्के ठाऊक असते. दुसऱ्याच्या कातडीत शिरून परत येणे हे शिक्षण आहे. शाळेने ते द्यावे, असे मी हट्टाने म्हणेन.

पण मग ते मुलाचे सोंग असले पाहिजे. आपल्या वेशभूषेत मुलाचे काय असते? विषय शाळेचा, निवड बापाची, मेहनत आईची, कपडा दुकानाचा, चार ओळींचे भाषण मावशीने फोनवर सांगितलेले. मूल म्हणजे खुंटी. 'मी झाड आहे, मला तोडू नका' असे म्हणून ते रंगमंचावर उभे राहते, पानांच्या पोशाखात त्याला खाज सुटलेली असते, आणि समोरच्या खुर्च्यांत बसलेले सगळे आईबाप मोबाइल उंच धरून एकमेकांच्या डोक्यांची चित्रे घेत असतात. बक्षीस मिळते ते आईला. मी हे कौतुकाने किंवा उपरोधाने म्हणत नाही, खरोखरच मिळते. परीक्षकांना ते ठाऊक असते.

या सगळ्यात पारंपरिक पोशाखाचा दिवस मला सर्वांत अवघड वाटतो, आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात तर फारच. एका इंग्रजी शाळेत निरोप आला की गोव्याचा पारंपरिक पोशाख घालून यावे. माझ्या माहेरच्या नात्यातली एक मुलगी पणजीची नऊवारी, नाकात नथ, केसांत अबोलीचा वळेसर अशी गेली. तिला सांगण्यात आले, छान आहे, पण हे महाराष्ट्राचे झाले, गोव्याचे नव्हे. पोरगी घरी येऊन पणजीला विचारते, तू महाराष्ट्राची होतीस का? त्या म्हातारीने जन्मभर पेडणे महालाबाहेर दोन रात्री काढलेल्या नाहीत. ती कोकणीत बोलते, मराठीत पोथी वाचते, आणि तिचे लुगडे तिच्या आईचे तसेच होते. जानेवारी १९६७ मध्ये जनमत कौल झाला, १९८७ मध्ये राजभाषा कायदा आला आणि घटक राज्यही झाले. त्या सगळ्या वादळात मोठ्या माणसांनी काय ते भांडून घेतले. आता तोच वाद सात वर्षांच्या मुलीच्या निऱ्यांवर आणून ठेवायचा का?

गोव्याचा म्हणून आता बहुतेक ठिकाणी जो वेश सांगतात तो कुणबी साडीचा. तांबड्या चौकड्यांची, गुडघ्याखाली जराशी येणारी, खांद्यावर गाठ मारलेली. वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० मध्ये ही साडी दिल्लीच्या फॅशनच्या मंचावर नेली, गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावर त्यांनी ग्रंथही लिहिला, आणि विस्मरणात चाललेल्या एका वस्त्राला मान मिळाला, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले. पण मंचावर मान मिळणे वेगळे आणि शाळेच्या मैदानात ते वस्त्र 'ड्रेस' म्हणून फिरणे वेगळे. आमच्या डिचोलीच्या शेजारात फोंड्याकडून आलेले एक गावडा कुटुंब आहे. नातवंडाच्या वर्गातल्या एका मुलीची आई त्यांच्या दारी आली आणि आजीला म्हणाली, उद्या शाळेत कुणबी व्हायचे आहे, तुमचा ड्रेस एका दिवसापुरता देता का? आजीने दिला. देताना म्हणाली, "हें सोंग न्हय, हें म्हजें न्हेसण." रागाने नव्हे, समजावून सांगितल्यासारखे.

गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळाली ती २००३ मध्ये. म्हणजे ज्या वस्त्रावरून त्या बायकांना जन्मभर खालच्या ओळीत बसवले, त्याच वस्त्रात आज चांगल्या घरच्या मुली नाचून टाळ्या घेतात. हे वाईटच आहे असेही मला म्हणवत नाही. टाळ्यांमुळे त्या आजीच्या नातीला आपल्या आजीची लाज वाटेनाशी झाली, तर फायदाच आहे. मला एवढेच विचारावेसे वाटते की त्या नातीने त्या दिवशी काय घालायचे? ती कुणबी साडी नेसली तर वेश झाला की नाही? तिला बक्षीस मिळेल का?

कोणी काय घालावे याचे हुकूम गोव्याला नवे नाहीत. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती बाटलेल्यांना हिंदू पद्धतीचे धोतर आणि चोळी यांची मनाई होती. मीठ न घालता भात शिजवणेसुद्धा गुन्हा होता. अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात हे सारे वाचायला मिळते. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हती, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस गेली, त्यामुळे आपल्या बाजूच्या आज्यांची लुगडी वाचली. या फर्मानाची आणि शाळेच्या निरोपाची तुलना करण्याइतकी मी भडक नाही. एक हुकूम माणूस मोडण्यासाठी होता, दुसरा निरोप मूल फुलावे म्हणून असतो. तरी दोन्हींत एक समज सारखा आहे: कपडा बाहेरून बदलता येतो आणि त्याने आत काही होत नाही, किंवा होते ते आपल्याला हवे तेच होते. आत काय होते ते त्या मुलीने पणजीला विचारलेल्या प्रश्नात दिसले.

या विषयावर माझी एका शिक्षिकेशी पुष्कळ चर्चा झाली. पेडण्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत त्या शिकवतात, पटावर मुले अठरा. त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हांला दहा दिवस जास्त वाटतात. मी एक चुकवला तर पुढच्या वर्षी दोन मुलं जातात."

त्यांचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. १९९० च्या धोरणाने प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान मिळू लागले; २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून केवढे आंदोलन पेटले ते आपल्याला आठवत असेल. कागदावर काही ठरो, पालक आपल्या पायांनी कौल देतात. पट घसरला की शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते. पालक शाळा निवडताना पाढे ऐकायला येत नाहीत, ते फोटो पाहतात. दिंडीचा फोटो, कृष्णाचा फोटो. पलीकडच्या इंग्रजी शाळेचे फोटो असतात आणि आपले नसतील, तर आपल्या शाळेत काहीच होत नाही असे ठरते. मराठी शाळा टिकावी म्हणून आम्ही भाषणे करतो आणि ती टिकवण्यासाठी त्या बाई स्वतःच्या पगारातून जरीचा कागद आणतात.

त्यांनी मला शाळेतली पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली. देवळाच्या जुन्या पडद्यातून शिवलेले दोन अंगरखे, पाच फेटे, लाकडी तलवारी, नारळाच्या करवंटीचे कमंडलू, कोणा सुईणीने दिलेली जुनी पिशवी, पोस्टमनची टोपी. वेश घरून आणायचा नाही, असा त्यांचा नियम. आदल्या दिवशी ट्रंक मधोमध ठेवतात, मुलांनी आपले आपण शोधायचे. "एका वर्षी चार मुलांनी मिळून एकच सोंग केलं," त्या म्हणाल्या. "बैलजोडी आणि नांगर. चौथा नांगर होता." वर्षभर तोंडातून शब्द न काढणारा तो चौथा मुलगा नांगर होऊन सगळ्यांत मोठ्याने बोलला होता. नांगर काय बोलला हे मी विचारले. बाई म्हणाल्या, "म्हणाला, हळू ओढा, दगड आहे."

ही ट्रंक मला फार आवडली आणि आमच्या शाळेच्या पालकसभेत मी तोच मुद्दा मांडला. वेशाचे दिवस तीनवर आणावेत; वेश शाळेतच, असलेल्या सामानातून, मुलांनी करावा; क्रमांक काढू नयेत; आणि पारंपरिक दिवशी गोव्याचा असे न म्हणता 'आपल्या घरचा' असे म्हणावे. बऱ्याच आयांनी माना डोलावल्या. एका वडिलांनी खर्चाचा हिशेबच मांडला. मुख्याध्यापकांनी नोंद करून घेतली.

मागच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, मोपाच्या बाजूला रोजंदारीवर जाणारे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं बरोबर. पण बंद करू नका. माझी मुलगी दोन वर्षांमागे झाशीची राणी झाली होती. भाड्यानं आणलं होतं, तीन दिवसांची मजुरी गेली. आमच्या घरात भिंतीवर फ्रेम केलेला फोटो तेवढा एकच आहे. पडद्याच्या कापडातली राणी मी तिथे लावली नसती."

त्यांना काय उत्तर द्यावे ते मला अजून सुचलेले नाही. ट्रंकेच्या बाजूने मी अजूनही आहे, आणि ते फोटोच्या बाजूने. सभेत कोणी पुढे काही बोलले नाही. मग मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ महिनाभर गळतो आहे, तो विषय निघाला.